संग्रहालयात पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसांचा अभ्यास कसा करावा?

प्रश्न संग्रहालयशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा आहे. लघुप्रबंधासाठी तिच्या हातात तीन महिने आहेत आणि विषय आहे 'लोक संग्रहालयात नियमितपणे का येतात'. तिनं तीस विधानांची प्रश्नावली बनवली आहे. प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'अजिबात सहमत नाही'पर्यंत पाच चौकटी. तिकीट खिडकीशी उभं राहून तीनशे जणांकडून ती भरून घ्यायची आणि मग सरासरी काढायची, असा तिचा बेत आहे. एवढं पुरेल का, असं तिनं विचारलंय.

नाही पुरणार. तुमची मेहनत कमी पडेल असं नाही. पण ज्यांच्याबद्दल तुम्हाला जाणून घ्यायचंय, ती माणसं त्या खिडकीशी फारशी येतच नाहीत. आणि आली, तरी त्या तीस विधानांमधून त्यांचं खरं कारण बाहेर पडणार नाही. वीसेक वर्षं मी पुण्या-मुंबईतल्या आणि जिल्ह्याच्या गावांमधल्या संग्रहालयांत प्रेक्षकांचा अभ्यास करत आले आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

आधी खिडकीचं बघू. तिकिटाच्या रांगेत असतात सहलीची मुलं, बाहेरगावचे पर्यटक आणि सुट्टीतली कुटुंबं. नियमित येणारा माणूस बहुधा सभासद असतो, पासवर आत जातो, नाहीतर कॉलेजचं पत्र दाखवून जातो. कित्येकांना तर वॉचमन ओळखीनं मान हलवून सोडतो. म्हणून दालनांच्या आत, सगळ्यांना ओलांडावंच लागेल अशा एखाद्या दारापाशी उभ्या राहा. फरशीवरची एक रेघ मनाशी धरा आणि ती ओलांडणाऱ्या दर दहाव्या माणसाला थांबवा. चेहरा बघून निवडायला लागलात की नकळत तुमच्यासारखीच, मोकळं बोलणारी, तुमच्याच वयाची माणसं गोळा होतात.

तिथे मग उलटी अडचण येते, आणि ती बहुतेक अहवालांत कुणाच्या लक्षातही येत नाही. समजा, एका संग्रहालयात वर्षातून एकदाच येणारी हजार माणसं आहेत आणि दहा-दहा वेळा येणारी पन्नास. एकूण भेटी झाल्या दीड हजार. त्यांतल्या पाचशे, म्हणजे एक तृतीयांश, या पन्नास जणांच्या. तुम्ही दाराशी तीनशे अर्ज भरून घेतलेत तर शंभरेक अर्ज त्यांचेच असतील. प्रत्यक्षात माणसं म्हणून मोजली तर ती पाच टक्केसुद्धा नाहीत. 'आमच्याकडे येणाऱ्यांतले एक तृतीयांश लोक नियमित येतात' हे वाक्य आणि 'एक तृतीयांश भेटी नियमित येणाऱ्यांच्या असतात' हे वाक्य, दोन्ही अगदी वेगळी आहेत. म्हणून प्रत्येकाला गेल्या वर्षभरात किती वेळा आलात हे विचाराच, आणि माणसांबद्दल काही म्हणायचं असेल तर प्रत्येक अर्जाला त्या आकड्यानं भागून वजन द्या. दहा वेळा येणाऱ्याचा अर्ज एक दशांश धरायचा.

पण 'गेल्या बारा महिन्यांत किती वेळा?' असं विचारलंत तर माणूस अंदाजपंचे आकडा सांगतो. आपल्याकडे वर्ष आठवतं ते सणांनी आणि सुट्ट्यांनी. 'मागच्या गणपतीनंतर आला होतात का? दिवाळीच्या सुट्टीत? मे महिन्यात?' असं एकेक करत गेलात की आकडा पुष्कळ खरा निघतो. 'नियमित' म्हणजे किती, हेही आधीच ठरवून टाका. मेरिलिन हूड या अमेरिकन अभ्यासिकेनं ओहायोतल्या टोलीडो शहराच्या कलासंग्रहालयासाठी अभ्यास केला आणि 1983 मध्ये तो छापला. त्यात वर्षाला तीन किंवा जास्त वेळा येणाऱ्यांना तिनं नियमित धरलं होतं. तुम्हीही तीन धरलेत तरी चालेल. फक्त पाहुण्यांना घेऊन आलेल्या भेटी वेगळ्या नोंदवा. त्याचं कारण पुढे येईल.

आता प्रश्नांकडे वळते. तुमच्या पहिल्याच पानावर 'आपली प्रेरणा काय?' असं आहे. इंग्रजी पुस्तकातल्या 'मोटिव्हेशन'ला हा शब्द कोशात बरोबर असेल, पण मराठी कानाला प्रेरणा म्हणजे स्फूर्ती. असं विचारलं की लोक ताठ बसतात आणि शिवाजी महाराजांचं, आईवडिलांचं किंवा शाळेतल्या बाईंचं नाव घेतात. ते खोटं बोलत नसतात, तुमच्या शब्दाला शोभेल असं उत्तर देत असतात. 'संग्रहालय' हा शब्दही जपून वापरा. बोलण्यात लोक 'म्युझियम' म्हणतात, आणि भायखळ्यासारख्या ठिकाणी, जिथे 1872 साली लोकांसाठी उघडलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय राणीच्या बागेला लागूनच आहे, तिथे नुसतं 'संग्रहालय' म्हटलं तर समोरच्याच्या मनात वाघ आणि पेंग्विन येणं अगदी स्वाभाविक आहे. पहिल्या दहा जणांवर प्रश्न आजमावून बघा आणि त्यांनी वापरलेले शब्द तुमच्या कागदावर घ्या.

पाच चौकटींच्या विधानांबद्दल मला आलेला अनुभव सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका संग्रहालयासाठी अशीच प्रश्नावली केली होती. येण्याच्या कारणांच्या यादीत 'ज्ञानात भर पडते' हे पहिलं होतं. बहुतेकांनी त्यावर खूण केली. माझ्या अहवालावरून संग्रहालयानं वस्तूंपुढचे माहितीफलक दुपटीनं लांब केले, त्यावर बराच पैसा खर्च झाला. पुढच्या वर्षी मी तिथे जाऊन बसले तेव्हा ते फलक पुरते वाचणारी माणसं मला अगदी मोजकी दिसली, आणि नेहमीचे चेहरे तेवढेच होते. ती चूक माझी होती. गळ्यात संग्रहालयाचं ओळखपत्र घातलेली बाई विचारतेय म्हटल्यावर 'ज्ञानासाठी येतो' यापलीकडे माणूस काय सांगणार? 'घरी फार उकडतं', 'इथे कुणी हटकत नाही', 'मुलीचा क्लास सुटेपर्यंत वेळ काढायचा असतो' असं कुणी चौकटीत लिहीत नाही. तेव्हापासून मी ओळखपत्र पिशवीत ठेवते आणि कारणांची यादी पुढे करत नाही.

या विषयाकडे बघताना मराठीतले तीन साधे शब्द मला फार उपयोगी पडले आहेत: निमित्त, कारण आणि सवय. प्रश्नावल्यांमध्ये या तिघांची गल्लत होते. निमित्त माणसाला दारापर्यंत आणतं. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, हे केवढं मोठं निमित्त होतं. पण त्या दिवसांत आलेल्या माणसाला 'का आलात?' विचारून तो पुढच्या वर्षी येईल का, हे कळणार नाही. कारण हे त्याहून खोल असतं, ते पहिल्या भेटीत बहुधा त्या माणसाला स्वतःलाही माहीत नसतं. आणि सवय लागली की कारण विचारलंत तरी आठवत नाही. बुधवार म्हणून माणूस येतो. तुमचा खरा विषय म्हणजे निमित्तापासून सवयीपर्यंतची ही वाट, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या भेटीत फुटते. म्हणून माझ्या मुलाखतीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो, 'दुसऱ्यांदा आलात तेव्हा काय झालं होतं?'

एका आजींचं उदाहरण देते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. त्यांनी अर्जावर 'ज्ञानवृद्धी' असं सुरेख अक्षरात लिहून दिलं होतं. मी म्हटलं, 'आजी, मला तुमची आवडती जागा दाखवा ना.' त्या मला थेट अडकित्त्यांच्या कपाटापाशी घेऊन गेल्या. बोलता बोलता कळलं ते असं: पहिल्यांदा त्या आल्या भाचीला आणि तिच्या सासरच्यांना पुणं दाखवायला. दुसऱ्यांदा जवळच्या बँकेत पेन्शनचं काम होतं, पाऊस कोसळायला लागला, म्हणून आडोशाला. त्या दिवशी एकट्याच होत्या, घाई नव्हती, आणि त्या कपाटात त्यांना वडिलांच्या पानाच्या डब्यातल्यासारखाच एक अडकित्ता दिसला. तेव्हापासून बँकेत आलं की अर्धा तास इथे. 'त्याच्याशी दोन शब्द बोलून जाते', असं त्या म्हणाल्या. पाहुणे आणि पाऊस ही निमित्तं झाली, वडील हे कारण, आणि बँकेच्या फेऱ्यांनी सवय लावली. 'ज्ञानवृद्धी'च्या चौकटीतून यातलं काय हाती लागलं असतं?

म्हणून मुलाखत दालनात, वस्तूसमोर घ्या. कार्यालयात खुर्ची देऊन बसवलंत की माणूस पाहुणा होतो. आपल्याकडे घरगुती वस्तूंची संग्रहालयं या दृष्टीनं फार समृद्ध आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचंच बघा. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर फिरून वीस हजारांहून जास्त वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं आणि तो सारा ठेवा राज्य सरकारला देऊन टाकला. दिवे, वज्री, दौती, फण्या, अडकित्ते. राजेरजवाड्यांच्या तलवारीपुढे माणूस थक्क होतो, पण पुन्हा येतो तो बहुधा आपल्या आजीच्या हातात पाहिलेल्या वस्तूकडे. हा माझा अंदाज आहे, सिद्धांत म्हणून घेऊ नका. तुमच्या मुलाखतींत तो खोटा ठरला तर मला आवडेल.

'बघून झालंय' हे वाक्य तुम्हाला न येणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा ऐकू येईल. चौथीच्या सहलीत बाई रांगेनं फिरवून आणतात, 'हात लावू नका, पुढे चला', आणि संग्रहालय आयुष्यभरासाठी बघून होतं. कसबा गणपतीबद्दल कुणी असं म्हणत नाही. वारकऱ्याला 'पंढरपूर गेल्या वर्षी बघितलं होतं ना?' असं विचारायचं कुणाच्या मनातही येणार नाही. दर्शन दर वेळी नवं असतं, कारण तिथे माहिती घ्यायला कुणी जात नाही, भेटायला जातात. नियमित येणारी माणसं संग्रहालयाबद्दल बोलताना कोणती क्रियापदं वापरतात ते कान देऊन ऐका. 'बघायला येतो' म्हणणारा आणि 'जरा जाऊन येतो', 'बसून येते', 'भेटून येते' म्हणणारा यांच्यात तुम्हाला फरक सापडेल. मुलाखतींची वर्गवारी करताना ही क्रियापदं जशीच्या तशी ठेवा, त्यांचं लगेच 'शैक्षणिक', 'मनोरंजनात्मक' असं भाषांतर करून टाकू नका.

बाहेरच्या अभ्यासांचा आधार घ्याच, पण साच्यासारखा वापरू नका. हूडनं फुरसतीत माणसाला हव्या असणाऱ्या सहा गोष्टी मांडल्या: माणसांची सोबत, काहीतरी मोलाचं केल्याचं समाधान, मोकळं वाटणं, नव्या अनुभवाचं आव्हान, शिकायला मिळणं आणि स्वतः भाग घेणं. तिच्या शहरात नियमित येणारे 14 टक्केच होते, आणि त्यांना शिकणं, नवा अनुभव आणि मोलाचं काही करणं या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटत. अधूनमधून येणाऱ्यांना मात्र सोबत, मोकळेपणा आणि स्वतः भाग घेणं हवं होतं. म्हणजे ते स्वभावानं न येणाऱ्यांच्या जास्त जवळचे निघाले. हा निष्कर्ष मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण क्वचित येणाऱ्याला नियमित येणाऱ्याची छोटी आवृत्ती समजून आपण त्याच्यावर व्याख्यानं लादत राहतो. संग्रहालयांच्या प्रेक्षकांचे अमेरिकन अभ्यासक जॉन फॉक यांनी 2009 मध्ये येणाऱ्यांचे पाच प्रकार सांगितले: कुतूहलानं शोधणारा, दुसऱ्यासाठी येणारा, महत्त्वाचं ठिकाण पाहून घेणारा, व्यवसाय किंवा छंदासाठी येणारा आणि मन शांत करायला येणारा. हे प्रकार माणसाला कायमचे चिकटलेले नसतात, एकच माणूस वेगवेगळ्या दिवशी वेगळ्या भूमिकेत येतो, हे त्यांनीच सांगितलंय. विद्यार्थी नेमकं तेवढंच विसरतात आणि पाच रकान्यांत माणसं टाकून मोकळे होतात.

आपल्याकडे यातला दुसऱ्यासाठी येणारा माणूस मला एका खास रूपात दिसतो, तो म्हणजे यजमान. घरी पाहुणे आले की शनिवारवाडा, पर्वती, म्युझियम असा ठरलेला फेरा. असे लोक वर्षातून चार-पाच वेळा येतात, त्यांना दालनांचा क्रम पाठ असतो, आणि तरी ते स्वतःला संग्रहालयाचे चाहते म्हणवणार नाहीत. त्यांना विचारा, 'पाहुण्यांना सगळ्यात आधी काय दाखवता?' आपल्या गावाबद्दलचा अभिमान त्या उत्तरातून बोलायला लागतो. पाहुण्यांच्या भेटी वेगळ्या नोंदवा म्हणाले, ते याचसाठी. शिवाय स्केचबुक घेऊन शिल्पांसमोर तासन्‌तास बसणारे चित्रकलेचे विद्यार्थी, नाण्यांचे संग्राहक, मोडी शिकणारे, किल्ले फिरणारे तरुण यांच्या ओळखी आपापसांत असतात. एकाची नीट मुलाखत झाली की तो दुसऱ्याचा पत्ता देतो. आणि काही तरुण जोडपी निव्वळ निवांत बोलायला जागा हवी म्हणून येतात. त्यांना अभ्यासातून वगळू नका आणि अवघडवूही नका. शहरात कमी पैशांत, कुणी न हटकता तासभर बसता येईल अशा जागा किती उरल्यात, याचं उत्तर त्यांच्या येण्यात आहे.

कुटुंबाला विचारताना एक काळजी घ्या. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर घरातला मोठा पुरुष देतो, नाहीतर इंग्रजी शाळेतल्या मुलाला पुढे केलं जातं. म्हणून गटातल्या ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आलाय त्याच्याशी बोला, आणि 'आज इकडे यायचं कुणी सुचवलं?' हे जरूर विचारा. मला हे उत्तर इतक्या वेळा 'हिनं' असं मिळालंय की आता मी आईशी थोडा वेगळा वेळ काढून बोलतेच.

बाकीचे प्रश्न घडलेल्या गोष्टींबद्दल ठेवा. मागच्या खेपेला घरातून निघताना काय ठरवलं होतं? बरोबर कोण होतं? आधी कुठे गेला होतात, इथून कुठे गेलात? मध्ये खंड पडला होता का, कशानं? आज इथे आला नसतात तर हा वेळ कुठे गेला असता? या शेवटच्या प्रश्नावर उत्तर देताना लोक विचारात पडतात आणि खरं बोलतात: सारसबाग, मॉल, मोबाइल, झोप. संग्रहालयाची स्पर्धा दुसऱ्या संग्रहालयाशी नसते हे तिथे कळतं. 'पुन्हा याल का?' हा प्रश्न मात्र काढूनच टाका. सगळे 'हो, नक्की' म्हणतात.

तिकिटाच्या दराबद्दल तुम्ही पाच विधानं घातली आहेत, एक पुरे. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2001 पासून तोवर तिकीट घेणारी राष्ट्रीय संग्रहालयंही मोफत झाली. येणाऱ्यांची संख्या खूप वाढली, पण येणारा वर्ग फारसा बदलला नाही; आधी येणारेच जास्त वेळा यायला लागले, हा त्या वाढीचा मोठा भाग होता. चौघांच्या कुटुंबाला तिकीट जड जातं हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण तेवढा अडथळा काढला की सवय लागते, असं म्हणता येत नाही.

निरीक्षणाला निदान चार-पाच दिवस द्या. आवश्यक ती परवानगी घ्या, निरीक्षण चालू असल्याची सूचना दाराशी लावा, फोटो काढू नका, मुलांचा माग काढू नका. पहिल्यांदा आलेला माणूस बाणांप्रमाणे पहिल्या दालनापासून सुरुवात करतो, सगळं बघायचं म्हणून भराभर चालतो आणि तिसऱ्या दालनात बाक शोधायला लागतो. बोस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच या थकव्यावर लिहून ठेवलंय. नेहमीचा माणूस दोन दालनं न बघताच ओलांडतो, एका कपाटापाशी थांबतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत परत फिरतो. सगळं बघायचं ओझं त्यानं कधी उतरवलं, हेही त्याला विचारा; माझ्या मते सवय लागण्याचा तोच क्षण असतो.

तीन महिन्यांचा हिशेब असा करा. पहिले दोन आठवडे नुसतं बसा आणि दालनातल्या अटेंडंटशी बोला. नेहमीची माणसं त्यांना नावानिशी नाही तरी चालीवरून माहीत असतात. आमच्या कित्येक अभ्यासांत त्यांची नोंद आमच्या नोंदीपेक्षा अचूक निघाली आहे, आणि अहवालात त्यांचे आभार क्वचितच मानले जातात, तेवढं तुम्ही करा. मग तीन आठवडे रेघेपाशी उभं राहून छोटी, सात-आठ प्रश्नांची पाहणी. रविवार, सणाचा दिवस आणि आठवड्यातला साधा दिवस, तिन्ही घ्या. त्यानंतरचा महिना वीस-पंचवीस सविस्तर मुलाखतींना. उरलेले तीन-चार आठवडे लिहून काढायला आणि प्रत्येक मुलाखतीसमोर तीन रकाने करून निमित्त, कारण, सवय वेगळं करायला. जी मुलाखत यात बसणार नाही ती बाजूला टाकू नका, तिच्यावर एक अख्खं पान लिहा.

या वीस-पंचवीसांत निदान पाच जण असे शोधा, जे पूर्वी नियमित यायचे आणि आता येत नाहीत. सभासदांच्या जुन्या यादीतून संग्रहालयाच्या परवानगीनं, त्यांच्याचमार्फत निरोप पाठवून, ते सापडतील. येणाऱ्याला आपलं कारण सांगता येत नाही, पण सोडून गेलेल्याला ते बरोबर सांगता येतं. गुडघे दुखायला लागले आणि जिन्याला कठडा नाही. ज्या मैत्रिणीबरोबर यायचे ती मुलाकडे नाशिकला गेली. आवडतं दालन दुरुस्तीसाठी बंद झालं ते उघडलंच नाही. नोकरी बदलली, बसचा मार्ग बदलला. मला एका गृहस्थांनी सांगितलं होतं की त्यांच्या नेहमीच्या चित्रासमोरचं बाकडं हलवलं, म्हणून ते यायचे थांबले. मी ते संग्रहालयाला कळवलं, बाकडं परत तिथेच आलं. तेही आले.